किवीची आढी

फळ कसं पिकवायचं हे मला कुणी शिकवू नये, असं मी छत्तीस वर्षांची होईपर्यंत ठामपणे मानत होते. माझे बाबा देवगडचे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या माडीवर पाय ठेवायला जागा नसे, इतक्या आंब्याच्या आढ्या लागलेल्या असत. खाली पेंढा, त्यावर आंबा, वर पुन्हा पेंढा. कुठली आढी आज उघडायची आणि कुठली परवा, हे मी दहा वर्षांची असल्यापासून नुसत्या वासावरून सांगायचे. बाबा चारचौघांत म्हणायचे, "आमच्या दीपाचं नाक कधी चुकत नाही." लहानपणी एवढं कौतुक झालं की माणूस बिघडतं. मी बिघडले.

पुढचं सांगायला मला लाज वाटते. न सांगताही राहून पाहिलं, तेव्हा जास्त वाटली.

२००६ साली आम्ही रेडमंडला भाड्याच्या घरात राहत होतो. गुरुदत्त, माझा नवरा, सॉफ्टवेअर कंपनीत. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरीची परवानगी नाही, दिवसभर घरात. मुलगी अनया सात वर्षांची. कुंपणापलीकडे डॉक्टर मोरेश्वर काका आणि रत्ना काकू राहायचे. मूळचे नागपूरचे, पस्तीस वर्षं अमेरिकेत. काका भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर झालेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला ते लेकीसारखं वागवत, आणि मीही माहेरी आल्यासारखी त्यांच्या घरात वावरायचे, न विचारता डबे उघडायचे.

काकांच्या मागच्या अंगणात किवीचा मांडव होता. दुकानात मिळते ती केसाळ, तपकिरी किवी नव्हे. ही हार्डी किवी. मोठ्या द्राक्षाएवढं हिरवं, गुळगुळीत फळ, सालीसकट तोंडात टाकायचं. कडाक्याच्या थंडीतही वेल मरत नाही म्हणून हार्डी म्हणायचं, बाकी नखरे विचारू नका. फळाच्या दोन वेली, आणि त्यांच्या जोडीला एक नर वेल. नराला फळ येत नाही, तो नुसता फुलतो आणि पसरतो. काका त्याला जावईबापू म्हणायचे. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीला थंडी लागली की वर्ष हातचं गेलं, म्हणून काकू आपल्या जुन्या साड्या मांडवावर पांघरायच्या. रस्त्यावरून जाणारे गोरे थांबून फोटो काढायचे. आळीतली मांजरं बुंध्याशी येऊन लोळायची आणि साल ओरबाडायची, त्यांच्यासाठी बुंध्याला जाळी. एवढं सगळं करून पहिलं फळ दिसायला सहा वर्षं लागली होती.

तोडणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायची, आणि तीही फळ टणक असताना. काका एक फळ कापून बी काळी झाली का बघायचे. मग रसाचा थेंब एका छोट्या नळीसारख्या यंत्रावर टाकून, एक डोळा मिटून गोडी मोजायचे. आकडा जमला की आम्ही सगळे शिड्या लावून तोडायला लागायचो. टणक फळं प्लास्टिकच्या डब्यांत भरून गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये जायची. तिथे ती दोन-अडीच महिने तशीच राहायची. दर रविवारी एक वाडगाभर फळं बाहेर काढून ओट्यावर ठेवायची. बुधवार-गुरुवारपर्यंत साल जरा सुरकुतते, फळ बोटाला मऊ लागतं, तेव्हा खायचं. त्याआधी खाल्लंत तर दात आंबतात. नंतर मात्र अननस आणि पेरू एकत्र खाल्ल्यासारखं लागतं, आणि हात थांबत नाही.

तो रविवारचा वाडगा काकूंचा होता. आदल्या वर्षीच्या मार्चपासून काकू विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग एकदा गॅसवर दूध. डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक नाव दिलं. काकांनी ते मला एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्यांनी काकूंच्या हातून गाडी काढून घेतली, मग गॅस, मग औषधांची पेटी. किवीचा फ्रिज तेवढा ठेवला. आणि काकू रविवार कधी चुकल्या नाहीत. सकाळी अंघोळ झाली की गॅरेजमध्ये जायच्या, एक डबा काढायच्या, वाडगा भरायच्या, डब्यावर पेनाने तारीख टाकायच्या. "बघ, हे माझं डिपार्टमेंट," असं मला म्हणायच्या. काका दारात उभे राहून बघत असत आणि त्यांचा चेहरा अगदी निवलेला असे.

त्या वर्षी फळ लोटलं. पंधरा डबे भरले. आणि नेमकं काकांच्या पुतणीचं लग्न निघालं. दिवाळी नागपुरात करून, तुळशीच्या लग्नानंतर ते लग्न लावून, नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी परत यायचं ठरलं.

"डॉक्टर म्हणाले, जाऊन या. ओळखीची माणसं, ओळखीचं घर, बरं वाटेल तिला," काका मला किल्ली देताना म्हणाले. "तू फक्त फ्रिजवर लक्ष ठेव. तुम्हाला हवी तेवढी खा. पण दहा डबे आल्यावर तिच्यासाठी राहू देत. ख्रिसमसपर्यंत रविवार पुरले पाहिजेत."

"काका, मला फळातलं सांगता?" मी म्हणाले.

"तरी लिहून ठेवलंय," ते हसले. फ्रिजच्या दारावर त्यांच्या बारीक अक्षरात कागद होता. दार वरचेवर उघडू नये. एका वेळी एकच वाडगा काढावा. जवळ सफरचंद ठेवू नये, फळ झटकन पिकतं.

गुरूने त्यांना एअरपोर्टला सोडलं. मी पहिल्या रविवारी गेले, वाडगाभर काढली, गुरुवारी खाल्ली. चांगली होती. पण माझ्या मनात आलं, फ्रिजमधून काढून ओट्यावर पिकवलेल्या फळाला हा स्वाद, तर नीट उबेत पिकवलं तर काय होईल? आमच्याकडे फ्रिजमधल्या आंब्याला बाबा फळच म्हणत नसत. त्यातून त्याच आठवड्यात हॅलोविनसाठी मी अनयाला भोपळ्याच्या शेतावर नेलं होतं आणि पोर्चमध्ये सजावटीला पेंढ्याचा गठ्ठा आणला होता. तो सोडला आणि माडीवरचा वास घरभर झाला. मला इतका आनंद झाला की रडू आलं. चार वर्षं या देशात मी कशातच हुशार नव्हते. आणि इथे पेंढा होता, टणक फळ होतं, आणि काय करायचं हे मला सोडून आख्ख्या रेडमंडमध्ये कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्याकडे मराठी मंडळातली तीस माणसं फराळाला येणार होती. मी ठरवलं, त्यांना आढीतली किवी खायला घालायची. आणि उरलेली, सोन्यासारखी पिकलेली, परत फ्रिजमध्ये ठेवायची. काका-काकू आले की चकित होतील. दहा डबे राहू देत असं काका म्हणाले होते, ते मला आठवत होतं. पण आढी थोडक्यात लागत नाही, उबेला माल लागतो. मी उरलेले चौदाही डबे काढले.

गुरू म्हणाला, "अगं, सगळे कशाला? एक ट्राय करून बघ ना यार."

"तू कोड लिही," मी म्हटलं.

हीटरच्या बंबाशेजारच्या कपाटात मी आढी लावली. पेंढा, फळ, पेंढा, फळ. आणि मधेमधे चार सफरचंदं ठेवली. सफरचंदाने फळ झटकन पिकतं, हे मी काकांच्या कागदावरूनच शिकले होते. त्या कागदाचा मी एवढाच उपयोग केला. आंब्याला आठ दिवस लागतात, म्हणून आठ दिवसांनी उघडायचं ठरवून दार लावलं.

पाचव्या दिवशी अनया शाळेतून आली आणि नाक धरून म्हणाली, "Aai, something smells like wine."

मला वास आला नव्हता. मी घरातच होते, आणि मला वास आला नव्हता. मी दार उघडलं तर बारीक माश्यांचा थवा अंगावर आला. वरचा पेंढा ओला होता. खाली हात घातला तो मनगटापर्यंत चिखलात गेला. फळ असं राहिलंच नव्हतं. तळाशी मूठभर सापडली, तीही बोट लावताच फुटली. बंबाची ऊब, सफरचंदं आणि फ्रिजमधून निघालेलं इवलंसं नाजूक फळ. त्याला पिकायला तीन दिवस पुष्कळ होतात, हे मी आदल्याच आठवड्यात ओट्यावर डोळ्यांनी पाहिलं होतं.

गुरूने सगळं अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात भरलं. मी काकांचे चौदा डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून त्यांच्या गॅरेजमध्ये ठेवले. "आल्यावर सरळ सांगून टाक," गुरू म्हणाला. "काका रागावणारे नाहीत."

तेच तर मला नको होतं. काका रागावले असते तर मी सांगितलं असतं. ते हसून म्हणाले असते, असू दे बेटा, आणि मग मी देवगडची दीपा उरले नसते.

काका-काकू बुधवारी आले. काकू थकलेल्या होत्या, पण मला बघून त्यांनी नावाने हाक मारली. सामान आत ठेवायच्या आधी त्या गॅरेजकडे वळल्या. "रविवार झाला का गं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मागोमाग काका, काकांच्या मागोमाग मी. काकूंनी फ्रिज उघडला. आत दिवा लागला आणि रिकाम्या जाळ्या दिसल्या.

"काका, सगळी फळं खराब झाली," मी म्हणाले. "मला टाकून द्यावी लागली. फ्रिज बंद पडला होता."

काकांनी आत हात घातला. "चालू आहे की."

इथे थांबता आलं असतं. "प्लग निघालेला होता," मी म्हणाले. "मी पाहिलं तेव्हा आठ-दहा दिवस होऊन गेले होते. मग मी परत लावला."

काकांनी भिंतीवरच्या प्लगकडे पाहिलं. शेजारी इस्त्रीचं टेबल उघडंच होतं. निघायच्या दिवशी काकूंनी तिथे साड्यांना इस्त्री केली होती. काका बोलले ते फार हळू बोलले. "रत्ना, निघताना तू इथे इस्त्री लावली होतीस ना?"

काकू आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग प्लगकडे. "लावली असेन," त्या म्हणाल्या. "मीच काढला का हो प्लग?"

"असू दे. होतं असं."

मी तिथेच उभी होते. मी काकूंचं नाव घेतलं नव्हतं, असं मी स्वतःला त्या रात्री शंभरदा बजावलं. पण मी गप्प राहिले होते, आणि ते नाव घेण्यापेक्षा वाईट होतं.

त्यानंतर काकांनी फ्रिजच्या प्लगवर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, काढू नये. रिकाम्या फ्रिजच्या प्लगवर. मग तशाच चिठ्ठ्या मायक्रोवेव्हवर, दिव्यांच्या बटणांवर, वॉशिंग मशीनवर. काकू त्या वाचायच्या आणि हात मागे घ्यायच्या. डिसेंबरात तिथे चार वाजताच अंधारतं. मी एकदा पाच वाजता गेले तर त्या सोफ्यावर अंधारात बसल्या होत्या. काका दुकानात गेले होते. "दिवा लावला नाही गं," त्या म्हणाल्या. "उगाच माझ्या हातून काही बंद व्हायचं." मी दिवा लावला, चहा केला, घरी आले आणि गुरूला सांगितलं. तो म्हणाला, "अजून सांगितलं नाहीस तू?" दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

मग डिसेंबरच्या मध्यावर वादळ आलं. रात्रभर झाडं पडत होती आणि सकाळी सगळ्या गावाची वीज गेलेली होती. काकांच्या घरचा हीटर विजेवर, आमच्याकडे गॅसची शेकोटी. दहाच्या सुमारास गुरू जाऊन दोघांना घेऊन आला. काकूंच्या अंगावर दोन स्वेटर आणि शाल होती. शेकोटीसमोर बसल्या, पण त्यांचं लक्ष सारखं भिंतीकडे.

"इथलीही गेली?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडची गेलीये, काकू. वादळ झालं ना रात्री."

"मी कशाला हात नव्हता लावला," त्या म्हणाल्या. "अहो, नव्हता ना लावला मी? किती लोकांची बंद झाली?" आणि त्या रडायला लागल्या. मोठ्या बाईने लहान मुलासारखं रडावं, नाक पुसायचं भान नसावं, तसं. अनया घाबरून गुरूच्या मागे लपली. काका काकूंचा हात धरून "नाही गं, नाही गं" एवढंच म्हणत होते.

मी त्यांच्या पायाशी बसले. "काकू, ऐका. तुम्ही कशालाच हात लावला नव्हता. किवीच्या फ्रिजलाही नाही. प्लग निघालेला नव्हताच कधी. मी सगळे डबे इकडे आणले आणि पेंढ्यात आढी लावली. माझ्या मूर्खपणाने फळं सडली, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमची काही चूक नाही. सगळं मी केलं."

काकांनी चष्मा काढला. "प्लग?" त्यांनी विचारलं.

"लागलेलाच होता, काका. पहिल्यापासून."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर मी तो डोक्यावर घेतला असता. ते मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत होते. त्या तीन आठवड्यांतली प्रत्येक चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. मग ते काकूंकडे वळले. "रत्ना, ऐकलंस? दीपा काय म्हणते? तू प्लग काढलाच नव्हतास."

काकूंचं रडणं थांबलं होतं. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. "पोर किती गुणाची आहे बघा," त्या काकांना म्हणाल्या. "मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतेय."

"नाही काकू, खरंच."

"अगं, मला आठवतंय ना," त्या म्हणाल्या. आवाज एकदम स्वच्छ, पूर्वीसारखा. "निळ्या इरकलीला इस्त्री करायची होती. इस्त्रीला जागा नव्हती म्हणून मी फ्रिजचा प्लग काढला. मनात म्हटलं, झालं की लावू परत. तेवढ्यात गुरू गाडी घेऊन आला, हॉर्न वाजवला त्याने. मी इस्त्री काढली आणि तशीच निघाले. स्पष्ट आठवतंय."

गुरूने माझ्याकडे पाहिलं. त्याने हॉर्न वाजवला नव्हता. तो स्वतः आत जाऊन बॅगा घेऊन आला होता.

"काकू, तसं झालं नाही हो," मी म्हणाले.

"झालं गं. माझ्याच हातून झालं." त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "तुझ्यावर सोपवून गेलो आम्ही, आणि माझ्यामुळे तुला ती घाण उपसावी लागली. मला माफ कर हं, बाळा."

मी मान हलवत राहिले. नाही, नाही. काकू माझे हात सोडेनात. "केलंस का माफ? सांग ना. केलंस?" त्यांचे डोळे पुन्हा भरायला लागले होते.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा परत लावला होता. "कित्येक महिन्यांत तिने इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता ती तेच विचारत बसेल, दीपा. म्हणून टाक."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, रत्ना काकूंना म्हणाले, "असू दे, काकू. केलं मी माफ."